चार बोटांचा वर्ताळा

ज्या त्रिविक्रमाने तीन पावलांत त्रिभुवन मोजले आणि मोजून झाल्यावर एका इंचाचेही भाडे कोणापाशी मागितले नाही, त्या श्रीहरीच्या चरणी आधी मस्तक ठेवतो. ज्याने झेंडूला एक पाकळी पुरली असती तिथे शंभर दिल्या, शेवंतीला एक रंग पुरला असता तिथे चार दिले, आणि गोदावरीचे ओंजळभर पाणी मागणाऱ्याला पूर दाखवला, त्या उदार दात्याचे नाव आधी घेतो. देणे ही त्याची रीत. मोजणे ही आपली. या दोहोंच्या मधे एक माणूस उभा राहिला, टेप हातात घेऊन, आणि त्याची जी गंमत झाली ती सांगण्यासाठी ही लेखणी उचलली आहे.

त्या माणसाचे नाव गोटीराम विधाते. राहणार मखमलाबाद, धंदा फुलांचा. दोन बिघ्यांचा मळा, त्यात शेवंती, गलांडा, झेंडू आणि बांधाला मोगरा. पहाटे तोड करायची, पाटी सायकलला बांधायची आणि पंचवटीतल्या फुलबाजारात जाऊन बसायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. बाजारात त्याच्यापेक्षा मोठे मळेवाले होते, त्याच्याहून टवटवीत मालही होता. पण गिऱ्हाईक गोटीरामच्या पाटीपाशी दाटी करी, याचे कारण वर्ताळा. तराजूचा काटा बरोबर मधे आला, माप पुरे झाले, की त्यानंतर वरून जी मूठ घालायची ती वर्ताळा. सारेच घालतात. इतर विक्रेते चिमूट घालत, गोटीराम ओंजळ घाली. पावशेर फुले मागणाऱ्या बाईच्या पिशवीत तो एवढा वर्ताळा ओती की ती बाई घरी जाऊन पुन्हा वजन करी आणि आपलेच चुकले की काय म्हणून घाबरून जाई.

हा स्वभाव केवळ तराजूपुरता असता तर बरे होते. गोटीरामच्या हाडामांसात वर्ताळा होता. मतदारयादीचे मास्तर दारात आले, वय विचारले, की हा दोन वर्षे वाढवून सांगे. का, तर सरकारला कमी दिले असे कोणी म्हणायला नको. त्यामुळे मतदारयादीत गोटीराम आपल्या सख्ख्या थोरल्या भावापेक्षा वर्षाने मोठा आहे, आणि आजही कोणी ती यादी वाचली तर भावकीत हसू फुटते. लग्नात तर कहर झाला. सायखेड्याची कुसाबाई नवरी, मांडवात भटजींनी सप्तपदी घातली, सात पावले झाली, भटजी थांबले. पण नवरदेव थांबेना! त्याने नवरीचा हात धरून आठवे पाऊल टाकले. भटजी म्हणाले, "अहो, झाली की सात." नवरदेव म्हणाला, "असू द्या महाराज, वरून एक." कुसाबाई सांगते, त्या आठव्या पावलालाच आपल्या कपाळी काय आले आहे ते तिला उमगले.

कुसाबाईचा हात मात्र देवाने सोन्याचा घडवला होता. फुलवात करावी तर तिनेच. सरकी काढलेला कापूस बोटांत घ्यायचा, हलके हलके पिंजायचा, तळाशी कळीसारखा फुगवटा ठेवायचा आणि वर शेंडी वळायची. तुपात बुडवली की ती वात निरांजनात अशी ताठ बसते, जणू स्वतःच आरतीला उभी राहिली आहे. नव्वदच्या दशकापासून कुसाबाई रोज दुपारी पंचवटीत देवळाच्या पायऱ्यांवर गोणपाट अंथरून वाती विके. किती निरांजनांत तिचा कापूस जळला, किती देवघरे तिच्या बोटांनी उजळली, याचा हिशोब तो एक चक्रधारी जाणे. पण पायऱ्या चढून उतरून तिचे गुडघे गेले. दोन हजार पाच साली डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, बाई, पायऱ्या बंद. कुसाबाई घरी आली, परडी मांडीवर घेतली, आणि तीन दिवस ती खाली ठेवली नाही. पायऱ्या बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद, गिऱ्हाईक बंद म्हणजे वाती बंद. आणि वाती वळल्याशिवाय तिच्या हातांना करमत नसे.

वाट काढली ती सुनेने. मुलगा जीवन एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आणि त्याची बायको योगिनी नाशिकरोडची, बी. कॉम. झालेली. लग्नात तिने माहेराहून भांडी कमी आणि कॉम्प्युटर आणला होता, त्यावरून शेजारच्या ठमाबाईने गल्लीभर बोलून घेतले होते. दोन हजार सात साली योगिनीने त्या कॉम्प्युटरवर 'मंगलहाट' नावाच्या कंपनीची माहिती काढली. पूजेचे साहित्य इंटरनेटवर विकायचे. माल आधीच कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात नेऊन ठेवायचा. बंगळुरूच्या बाईने बटण दाबले की गोदामातून थेट तिच्या दारात पाकीट. देवळाच्या पायऱ्या नकोत, गुडघे नकोत. एकच अट. साठ खोकी माल गोदामात कायम भरलेला हवा, आणि त्या जागेचे भाडे दरमहा द्यायचे.

"भाडं किती?" कुसाबाईने विचारले.

गोटीराम हसला. त्याने वीस पाकिटांचे भरलेले खोके एका हाताच्या तळव्यावर तोलून दाखवले. "अगं, कापूस हाय हा! ह्याचं वजन ते काय, नि भाडं ते काय? मला तर त्या गोदामवाल्याचीच कीव येती. बिचाऱ्याचं पोट कसं भरायचं?"

"मामा, भाडं वजनावर नाही," योगिनी म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूबाईंना आत्या. "जागेवर आहे. खोकं किती लांब, किती रुंद, किती उंच; त्यावरून घनफूट काढायचे. एका घनफुटाला महिन्याला तीस रुपये. आपलं खोकं बारा इंच बाय बारा बाय बारा, म्हणजे बरोबर एक घनफूट. साठ खोक्यांचे अठराशे रुपये."

"नि सुटायचे किती?"

"बाकी सगळा खर्च जाऊन सव्वीसशे. त्यातून भाडं द्यायचं."

कुसाबाईने परडीत हात घातला, एक वात वळून पुरी केली, आणि मग निकाल दिला. "एक म्हैना बघते. वर काय उरलं तर ठीक. पदरचं घालावं लागलं, तर ही परडी उपडी घालून माळ्यावर टाकीन. पुन्हा नाव काढायचं नाय कोणी."

बोलणे साधेच, पण घरातल्या तिघांनाही त्यातले पाणी दिसले. ठमाबाई आणि गल्लीतल्या आणखी तिघी या नव्या कामासाठी तिच्या ओट्यावर वाती वळायला येऊ लागल्या होत्या. परडी उपडी झाली असती तर तो ओटाही रिकामा झाला असता.

आता खरी कथा. कंपनीचा छापील करारनामा टपालाने आला. त्यात खोक्याचे माप लिहून सही करायची होती. योगिनी त्या दिवशी माहेरी गेली होती. गोटीराम म्हणाला, सही माझी तर माप माझे. त्याने घरातली शिवणाची टेप काढली, अंघोळ केली, देवापुढे हात जोडले, आणि खोके मोजले. लांबी बारा. आता सांगा, ज्याने जन्मात कोणाला काटोकाट माप दिले नाही, त्याने करारावर नुसते बारा लिहावे? त्याचा हात धजला नाही. त्याने टेपच्या पुढे आपली चार बोटे आडवी ठेवली, म्हणजे तीन इंच झाले, आणि लिहिले पंधरा. रुंदीला तसेच, उंचीला तसेच. मग त्याने तोंडी अंदाज बांधला: बारावर तीन म्हणजे शेरामागे पावशेर. अठराशेवर पाव भाग म्हणजे साडेचारशे. एकूण साडेबावीसशे. सव्वीसशेतून ते गेले तरी साडेतीनशे उरतात, कुसाबाईची परडी उताणीच राहते, आणि गोदामवाल्यालाही मखमलाबादच्या माणसाने हात आखडला असे वाटत नाही. समाधानाने त्याने सही केली आणि टपालात टाकून तो वांगी आणायला गेला. घरात एक शब्द बोलला नाही, कारण वर्ताळा बोलून दाखवायचा नसतो.

महिना सरला. बंगळुरूहून मागणी आली, इंदूरहून आली, कुठल्या कुठे भोपाळच्या एका काकूंनी फुलवाती नेल्या आणि कळवले की तीस वर्षांत अशी ज्योत पाहिली नाही. कुसाबाईने ती चिठ्ठी योगिनीकडून तीनदा वाचून घेतली. आणि मग गोदामाचे बिल आले. तीन हजार सहाशे.

सव्वीसशे सुटले, छत्तीसशे द्यायचे, हजार पदरचे.

"चोर हायत चोर!" गोटीराम ताडकन उठला. "मी शेरामागे पावशेर दिला, ह्यांनी शेरामागे शेर घेतला!"

योगिनीचे कान टवकारले. "मामा, तुम्ही काय दिलं?"

"काय न्हाय."

"मामा."

"अगं, थोडा वर्ताळा दिला."

"कशाचा?"

"मापाचा. चार चार बोटं."

"चार बोटं कुठे?"

"तिन्ही अंगांना. एका अंगाला देऊन दोन अंगांना न्हाय दिला, तर खोकं वाकडं न्हाय का दिसायचं?"

ओट्यावरच्या ठमाबाईने वात खाली ठेवली. "कुसे, तुझ्या नवऱ्याला गोदामात बसवलं असतं ना, तर त्यानं गोदामच वाटून टाकलं असतं गं!"

योगिनी सासऱ्यांपुढे बसली. ती रागावली नाही, हे तिचे मोठेपण. "मामा, तुम्हाला पाढे येतात?"

"पावकी, निमकी, दीडकी सगळी येती! आमच्या मास्तरांनी छडीनं शिकवली हायेत."

"मग म्हणा. बारा इंच म्हणजे तीन-तीन इंचांचे चार तुकडे. लांबीला चार, रुंदीला चार, उंचीला चार."

"चार चोक सोळा," गोटीराम म्हणाला. "सोळा चोक चौसष्ट."

"आता तुमचे पंधरा. पाच तुकडे तिन्ही बाजूंना."

"पाच पाचे पंचवीस. पंचवीस पाचे..." आणि इथे त्याचा आवाज देवळाच्या घंटेसारखा विरत गेला. "...सव्वाशे."

"चौसष्टाचे सव्वाशे. जवळजवळ दुप्पट. कंपनी पुढचा पुरा आकडा धरते, म्हणून खोक्याला दोन घनफूट. तुम्ही पाव दिला नाही मामा, तुम्ही अख्खं दुसरं खोकं दिलंत."

एका बाजूला दिलेला वर्ताळा बेरजेत राहतो; तिन्ही बाजूंना दिलेला वर्ताळा एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतो. फुलांची पाटी लांबी-रुंदी-उंची अशी तिहेरी कुणी कधी मोजली होती? तिथे एक काटा, एक मूठ. गोटीराम खाली मान घालून बसला. त्या क्षणी तो खरोखर खचला, कारण त्याला दिसले की आपल्या चार बोटांनी बायकोची परडी उपडी केली आहे.

पण परडी अजून मांडीवरच होती. कुसाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि म्हणाली, "ते गोदाम मला बघायचंय."

"आत्या, गुडघे..."

"गुडघे माझे हायेत. एशटीत बसून जायचंय, पायऱ्या न्हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नवराबायको दोघे भिवंडीला पोचले. गोदामाचा प्रमुख खंडेराव नावाचा गृहस्थ निघाला, मूळचा नांदगावचा, त्यामुळे नाशिक जिल्हा म्हटल्यावर त्याने आधी चहा मागवला. मग त्याने नोंदवही काढली, टेप काढली, विधात्यांचे खोके मोजले, आणि पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजून त्याने गोटीरामकडे वर मान करून पाहिले.

"काका, मी सात वर्षं या धंद्यात आहे. रोज भांडणं सोडवतो. लोक अठराचं खोकं चौदा लिहितात, चौदाचं दहा लिहितात. बाराचं पंधरा लिहिणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय. तुम्ही बरे आहात ना?"

"बरा हाय की."

"मग एक अर्ज लिहा. माप चुकलं, बारा धरावं. पुढच्या महिन्यापासून अठराशे लागतील. झालं काम."

कोणाही सुज्ञ माणसाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला असता. गोटीराम घेईना! "साहेब, घातलेला वर्ताळा परत काढायचा नसतो. माझ्या बापानं काढला न्हाय, मी काढणार न्हाय. गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालून मूठभर फुलं माघारी घ्यायची? हात झडतील माझे."

"अहो, पण ही फुलं नाहीत, हवा आहे!"

"हवा असली तरी दिली ती दिली."

खंडेरावाने कपाळाला हात लावला. खुर्चीवरून कुसाबाई उठली. ती म्हणाली, "मला माझी खोकी दाखवा."

खंडेराव तिला हळूहळू आत घेऊन गेला. लोखंडी फळ्यांवर साऱ्या देशाची पूजा मांडलेली: उदबत्त्या, कापूर, तांब्याचे गडू, चंदनाची खोडे, सारे खेटून, दाटीवाटीने. आणि त्यांच्यामधे एका फळीवर कुसाबाईची खोकी. करारात पंधरा इंच लिहिले म्हणून कंपनीने इमानाने पंधरा इंचांची जागा राखली होती. बाराचे खोके आणि चार बोटे मोकळे, पुन्हा खोके आणि मोकळे. जणू पंगतीत सोवळ्यातल्या माणसांना कोणी शिवू नये म्हणून लांब लांब पाट मांडावेत, तशी तिची खोकी ऐसपैस बसली होती.

कुसाबाईने दोन खोक्यांमधल्या रिकाम्या जागेत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"ही जागा कोणाची?"

"तुमचीच, मावशी. तुम्हीच भाडं भरताय तिचं."

"हे समदं?"

"हो, समदं."

ती हसू लागली. पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि पुढे हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. "अहो," ती मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "घरनं निघाले तेव्हा परडी उपडी घालायची ठरवूनच निघाले होते. आता न्हाय घालायची. म्हैनाभराच्या हवेचं भाडं मी भरणार हाय. ती हवा माझी हाय. तिच्यात कापूस भरल्याबिगर मी सोडायची न्हाय." मग ती खंडेरावाकडे वळली. "साहेब, ह्यांनी पंधरा लिहिलंय, पंधराच राहू द्या. ह्यांचा शबूद मोडायला नको. खोकंच पंधराचं आणलं तर?"

खंडेरावाने बोटांवर काहीतरी मोजले. "पंधराच्या खोक्यात पाकिटं किती बसतील?"

"बाराच्यात वीस बसतात. पंधराच्यात..."

"एकोणचाळीस," मागून गोटीराम म्हणाला. चौसष्टाचे सव्वाशे आता त्याच्या जिभेवर पाठ होते.

"चाळीस," कुसाबाई म्हणाली. "कापूस हाय तो. थोडं सरकून घ्यायचं त्याला कळतं."

"मग तर साठ खोक्यांचा माल तीस खोक्यांत आला," खंडेराव टेबलावर थाप मारून म्हणाला. "तीस खोकी, दोन-दोन घनफूट, एकूण साठ घनफूट. अठराशे रुपये! अर्ज नको, दुरुस्ती नको, काकांचं माप जसंच्या तसं. मावशी, आमच्या मुंबईच्या हापिसात टाय लावून बसलेत, त्यातल्या एकाला हे सुचलं नसतं."

गोटीराम बघतच राहिला. जन्मभर त्याने मापाच्या वर माल घातला. आज त्याच्या बायकोने माप तसेच ठेवून माल त्या मापाएवढा वाढवला. पहिल्या महिन्याचे छत्तीसशे त्याने तिथेच मोजून दिले. सवलतीचे नाव काढणाऱ्या खंडेरावाला त्याने आपल्याकडची मोगऱ्याची पुडी दिली आणि विषय संपवला.

पुढचे आठ दिवस मखमलाबादच्या त्या ओट्यावर सण होता. द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना आडगाव नाक्यावर होता, तिथून पंधरा इंची खोकी आली. ठमाबाई पाकिटे लावी, योगिनी मोजी, आणि चाळिसावे पाकीट बसेना झाले की कुसाबाई त्या खोक्याला दोन्ही तळव्यांनी असे थोपटे, जसे रडते मूल थोपटावे. आणि खरेच, कापूस जरा अंग चोरी आणि पाकीट आत जाई. एकही फुलवात मोडली नाही. भिवंडीचा टेम्पो भरला. दिवाळीच्या महिन्यात भाडे अठराशे आले आणि वर आठशे उरले. ते योगिनीने सासूच्या हातावर ठेवले. कुसाबाईने ते कपाळाला लावले आणि दोनशे-दोनशे करून ओट्यावरच्या चौघींना भाऊबीज म्हणून वाटले.

एक मात्र सांगितले पाहिजे, खरे ते लपवू नये. नव्या करारावर खोक्यांची संख्या लिहायची होती. तीस. गोटीरामने पेन टेकवले, तिनाचा आकडा काढला, आणि शून्याच्या जागी त्याचा हात एक काढण्याकडे वळू लागला. कुसाबाईने झडप घालून त्याचे मनगट धरले. योगिनीने शून्य काढले. टेप तेव्हापासून तांदळाच्या डब्यात आहे आणि डबा सुनेच्या ताब्यात.

हे दयाघना, या घरावर तुझी छाया राहो. गोटीरामच्या मळ्यात फूल कमी न पडो आणि त्याच्या मुठीत संकोच न येवो. कुसाबाईच्या गुडघ्यांना बळ मिळो, तिच्या बोटांना थकवा न शिवो. योगिनीची बुद्धी सदा अशीच सौम्य आणि लख्ख राहो, जीवनचा संसार भरल्या घरासारखा नांदो, ओट्यावरच्या चौघींच्या चुली रोज पेटोत. जिथे जिथे या घरची वात लागेल, त्या अनोळखी देवघरातही सुख उजळो, आणि त्या उजेडातले पुण्य फिरून मखमलाबादच्या या उंबऱ्याशी येवो. कल्याण असो.